रंग वाळेपर्यंत

प्रत्येक माणसाची एखादी लाडकी सबब असते. तो ती जिवापाड जपतो, चारचौघांत मिरवतोही. माझी सबब चाळीस वर्षांची होती. "ही नोकरी नसती, तर मी चित्रकार झालो असतो!" पाहुण्यांपुढे चहा आला, की मी हे वाक्यही हळूच पुढे सरकवीत असे. पाहुणे हळहळत. आमचे कुटुंब मात्र काही न बोलता कपबशा गोळा करी. त्या न बोलण्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

मी रसायनाचा माणूस. नोकरी रंगाच्याच कारखान्यात. पण ते रंग कापडाचे. कॉलेजात असताना हौसेने घेतलेली तैलरंगांची पेटी लग्नानंतर, १९७२ साली, माळ्यावर चढली ती तिथेच राहिली.

२०१४ साली मुलगी कामानिमित्त व्हिएन्नाला गेली होती. येताना तिने माझ्यासाठी एक चित्रांचे पुस्तक आणले. तिथे त्या वर्षी एका चित्रकाराचे मोठे प्रदर्शन भरले होते. त्याचे नाव फ्रांझ सेडलाचेक. पुस्तक हातात देताना ती एवढेच म्हणाली, "बाबा, हासुद्धा केमिस्ट होता. जन्मभर नोकरी करायचा."

आमच्या वेळी रसायन शिकणारे पुष्कळजण ग्रंथ चाळण्यापुरते जर्मन शिकत. ते गंजलेले जर्मन घासूनपुसून, कोश उशाशी घेऊन मी वाचायला बसलो. खरे सांगायचे तर, या गृहस्थाला मला न मिळालेली कोणती सवलत मिळाली होती, ती शोधायलाच मी बसलो होतो!

सवलत काही सापडेना. जन्म १८९१ चा, ब्रेस्लाउ शहरातला, बालपण लिंत्समध्ये. चित्रकला स्वतःची स्वतःच शिकलेला. शिक्षण रसायनाचे, आणि मध्येच पहिले महायुद्ध. युद्धावरून परतला तेव्हा साम्राज्य मोडून मागे एक चिमुकला देश उरला होता. १९२१ साली तो डॉक्टर झाला आणि व्हिएन्नाच्या तंत्रविद्या संग्रहालयात नोकरीला लागला. ते दिवस महागाईचे. पुढे १९२५ साली शिलिंग हे नवे नाणे आले, तेव्हा एका शिलिंगाला दहा हजार जुने क्रोन पडले! अशा दिवसांत लागलेली नोकरी कोण सोडील? त्यानेही सोडली नाही. पण १९२३ च्या सुमारास, वयाच्या बत्तिशीत, तो तैलरंगांकडे वळला. १९२७ साली व्हिएन्नाच्या प्रसिद्ध 'सेसेशन' या कलावंतांच्या संस्थेने त्याला सभासद करून घेतले. १९२९ साली बार्सिलोनाच्या जागतिक प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. नोकरी चालूच!

त्याची रंगवण्याची पद्धत जुन्या उस्तादांची. पातळ, पारदर्शक रंगाचा एक हात द्यायचा, तो वाळू द्यायचा, मग त्यावर दुसरा. इथे माझ्यातला रसायनवाला दचकून उठून बसला. तैलरंग वाळायला दिवसच्या दिवस लागतात. म्हणजे ज्याला सगळा दिवस मोकळा आहे, त्यालाही थांबावेच लागते. मग मी चाळीस वर्षे कोणत्या वेळेची वाट पाहत होतो? रंग वाळेपर्यंत मी खुशाल कारखान्यात जाऊन आलो असतो!

पुस्तकात 'रसायनशास्त्रज्ञ' नावाचे १९३२ चे एक चित्र आहे. आमचीच ती काचेची भांडी. पण अशी, की पाहताना अंगावर काटा यावा. त्याच्या निसर्गचित्रांतही तसेच. सगळे लख्ख दिसते, आणि तरीही आता काहीतरी वाईट घडणार असे वाटत राहते. १९३३ च्या एका चित्रात निष्पर्ण झाडावर भुते बसली आहेत. त्याच वर्षी शेजारी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला.

पण ज्याने ती भुते पाहिली, त्याच्याच अंगावर १९३९ साली त्या सैन्याचा गणवेश चढला. १९४५ साली पोलंडात तो बेपत्ता झाला. हे वाचून मी पुस्तक दोन दिवस मिटून ठेवले. डोळ्यांना दिसते, तिकडे पाठ फिरवून पाय चालू लागतील असे नाही. त्याची रंगवण्याची चिकाटी मी घेतली. सगळा माणूस काही मला आदर्श म्हणून घेता आला नाही.

सरकारी दप्तरात तो मृत ठरला १९७२ साली. माझी पेटी माळ्यावर चढली, तेच वर्ष!

त्या दिवाळीच्या साफसफाईत मी पेटी खाली काढली. नळ्यांतल्या रंगांचे दगड झाले होते. मी हिच्यापाशी गेलो आणि म्हणालो, "इतकी वर्षं मी उगाच तुमच्या सगळ्यांवर आळ घेतला."

ही फराळाच्या डब्यावर झाकण घालीत म्हणाली, "मला माहीत होतं. नवे रंग कधी आणताय?"

तेव्हापासून माझी नऊ चित्रे झाली. मोठेसे असे त्यांत एकही नाही. पण आता पाहुण्यांपुढे चहा आला, की माझ्याजवळ सांगायला सबब नसते. रोज सकाळी ही चहाचा कप घेऊन खिडकीपाशी येते, लांबूनच चित्राकडे पाहते आणि विचारते, "अहो, वाळलं का?"