सावरीचं अपुरं पान

काटेसावरीचं चित्र एका दिवसात पुरं होत नाही. म्हणूनच ते काढायला मी सुट्टीच्या दिवशी जाते. जे काम आज संपणारच नाही, त्याची घाई कशाला करायची?

वनस्पतींची शास्त्रीय चित्रं काढणं हा माझा व्यवसाय. आठवडाभर टेबलावर दिवा लावून, वाळवलेल्या नमुन्यांवरून, कुणाच्या तरी तारखेच्या तगाद्याखाली रेघा ओढायच्या असतात. त्याचा शीण घालवायला ही पुन्हा झाडंच काढायला जाते, हे घरच्यांना अजून पटलेलं नाही. फेब्रुवारी सरत आला की एक रविवार पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनसाठी राखलेला असतो. रेसकोर्सजवळची ही ३९ एकरांची बाग अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया सांभाळते; संस्था १८३० सालची. जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाची गर्दी तोवर ओसरलेली असते. उरतात ती सतरंज्या पसरून डबे उघडणारी कुटुंबं, खोडाएवढ्या जाड वेलींवर बसून फोटो काढून घेणारी मुलं आणि झाडांखालची गार सावली. कोऱ्या कागदावर ऊन पडलं की डोळे दिपतात आणि रंग खोटे दिसतात, त्यामुळे ही सावली मला आरामापेक्षा कामासाठी जास्त लागते.

सावरीचं फूल तोडावं लागत नाही. तळहाताएवढं, जड फूल धप्पदिशी खाली येतं. वर मैना, कावळे आणि खारी मधासाठी भांडत असतात, त्यांच्या धक्क्यांनी आणखी चार पडतात. त्यातलं ताजं उचलायचं आणि आधी रंग टिपून घ्यायचा, कारण तासाभरात लाल काळवंडायला लागतो. कागदाच्या कडेला रंगाचे पट्टे ओढून शेजारी पेन्सिलीने लिहून ठेवायचं: पाकळी आतून चकचकीत, बाहेरून लव, देठाकडे फिकी. रंग झाला की ब्लेडने फुलाचा उभा छेद घ्यायचा. निदलपुंजाची जाड वाटी आतून रेशमासारखी मऊ निघते. पुंकेसर साठाहून जास्त; बाहेरचे पाच जुडग्यांत बांधलेले, बाकीचे आत. ते मोजावेच लागतात. आमच्या कामात ‘भरपूर पुंकेसर’ असं चित्र काढता येत नाही. अंडाशयाचा आडवा छेद भिंगाखाली धरला की पाच कप्पे दिसतात. लांबी-रुंदी डिव्हायडरने घ्यायची, छाया ठिपक्यांनी द्यायची आणि उजेड कुठूनही येत असला, तरी चित्रात तो डाव्या वरच्या कोपऱ्यातूनच पाडायचा. जगभरच्या वनस्पतिचित्रकारांनी पाळलेली ही रीत आहे.

एवढं होईस्तोवर दुपार होते. फूल पुरं होतं, पण झाड नाही. समोरच्या सावरीवर या दिवसांत एकही पान नसतं. बोंडं एप्रिल-मेमध्ये तडकणार आणि पंजासारखी पाच-सात पर्णिकांची पानं नीट मोठी व्हायला पावसाळा उजाडणार. शास्त्रीय चित्रात फूल, फळ, पान, बी सगळं एकाच कागदावर हवं, आणि झाड ते एकाच वेळी दाखवत नाही.

बोगनवेल किंवा जास्वंद काढायला घेतली तर ही अडचण येत नाही. पान आणि फूल शेजारी शेजारी, एका बैठकीत काम उरकतं. इथल्या रानातल्या झाडांचं वेळापत्रक मात्र पावसाने आखलेलं आहे. सह्याद्रीच्या पूर्वेच्या या कोरड्या उतारावर पाऊस चार महिने, मग सात-आठ महिने ओढ. पाणी वाचवायला पानं गाळायची. उघड्या फांद्यांवर फुलं लांबूनही दिसतात, पक्षी येतात. उन्हाळी वाऱ्याबरोबर कापूस उडतो आणि पहिला पाऊस पडायच्या आत बी मातीवर पोचलेलं असतं. पळस, पांगारा, कौशी यांचंही थोड्याफार फरकाने हेच चालतं. मार्चमध्ये वेताळ टेकडीवर गेलात तर पळस फुललेला दिसेल. जवळच परदेशातून आणून लावलेलं गिरिपुष्पही गुलाबी झालेलं असतं, आणि लोक फोटो त्याचेही काढतात. छानच दिसतं ते. पण पळसाचा कागद माझ्याकडे अनेक महिने उघडा राहतो, आणि त्या महिन्यांत मला या हवेविषयी जे कळतं, ते दुसऱ्या कशातून कळलेलं नाही.

फोटो असताना चित्र कशाला, असं बागेत येणारे विचारतात. फोटो त्या दिवशीच्या त्या फांदीचा असतो. तिला किडीने खाल्लेलं पान असलं तर तेही येतं. आम्ही दहा फुलं पाहून अकरावं काढतो, जे त्या जातीच्या कुठल्याही झाडाशी ताडून बघता येईल.

पुण्यात हे काम जुनं आहे. मुळेच्या काठी दापोडीला १८२८ साली गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात सरकारी वनस्पती उद्यान सुरू झालं. पुढे त्याचे अधीक्षक झालेले अलेक्झांडर गिब्सन पेशाने डॉक्टर. १८४७मध्ये ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षकही झाले. १८४७ ते १८५० या काळात त्यांनी एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून तिथल्या वनस्पती काढून घेतल्या, परदेशातून आणलेल्या आणि इथल्याही. ती चित्रं आज एडिनबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. हेन्री नोल्टी यांनी २००२मध्ये त्यांवर पुस्तक केलं, तेव्हा कुठे ती सर्वांसमोर आली. गिब्सनसाहेबांचं नाव राहिलं, चित्रकाराचं नोंदलेलं नाही. दापोडीची बाग गेली. तिची जागा गणेशखिंडीच्या बागेने घेतली, १८७३ साली. त्या बागेला २०२०मध्ये जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. मला मात्र या सगळ्यात हेवा वाटतो तो त्या अनामिकाच्या मुदतीचा. तीन वर्षं! म्हणजे चुकलेला बहर पुन्हा गाठायला पुढचं साल हाताशी.

माझ्या शेजारी झाडलोट करणारे मामा थांबतात. “ताई, खालचं कशाला घेता? काठीने वरचं पाडून देऊ?” नको म्हटल्यावर ते कागदाकडे बघतात. “पानं नाही काढली?”

“आहेत कुठे, मामा?”

“जूनमधे या. आणि त्याआधी कापूस बघायला या एकदा. सगळी बाग पांढरी होते.”

मी कागदावर उजवीकडे जागा सोडते आणि पेन्सिलीने लिहिते: बोंड, एप्रिलअखेर. त्याखाली: पान, जुलै. शहरातली दुसरी कुठलीही कामं अशी सोडली तर ओरडा बसतो. हे काम तसं सोडलं तरच नीट होतं. डबा संपवून, हात धुऊन मी उरलेली दुपार नुसती भटकते, कारण आजच्यापुरतं झाडाकडे मागायचं काही शिल्लक नसतं.

या सवयीचा एक परिणाम ठरवून झालेला नाही. एका झाडाकडे वर्षभर जायला लागलं की वाटेतलीही दिसू लागतात: कोणत्या चौकातला वारस यंदा उशिरा फुलला, कोणत्या सोसायटीने करंज छाटून खुंट केला. रस्ता रुंद होताना किती झाडं गेली, याचा आकडा वर्तमानपत्रात येतो. त्यातली फुलायला आलेली कोणती होती, हे सांगणारी माणसं शहरात हवी असतील, तर प्रत्येकाच्या वहीत एखादं चित्र असं वर्षभर अपुरं असायला हवं.