ग्रीन बेचा गुरुवारचा कागद

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या पूर्वेस मिशिगन सरोवराचा एक लांबट फाटा जमिनीत शिरलेला आहे. फॉक्स नदी ज्या ठिकाणी या फाट्यास मिळते तेथे ग्रीन बे नावाचे नगर वसले आहे. २०२० च्या शिरगणतीत येथील वस्ती एक लाख सात हजारांच्या घरात भरली. म्हणजे आपल्या बेळगावच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी. नदीकाठी कागदाच्या गिरण्या आणि मांसाचे कारखाने. नगराबाहेर पडताच दुभत्या गाईंची कुरणे व मक्याची शेते. गोव्यातील वाचकांस हे ऐकून संतोष वाटेल की, येथील कॅथेड्रल संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नावाचे आहे. १६६९ साली ३ डिसेंबरास, म्हणजे या संताच्या सणाच्या दिवशीच, येशूसंघीय फादर क्लोद आलुए यांनी या भागात मिस्सा अर्पण केली आणि आपल्या मिशनास तेच नाव दिले.

तथापि अमेरिकेत कोणासही ग्रीन बे म्हणताच संत झेवियर आठवत नाहीत, पॅकर्स आठवतात. हा तेथील फुटबॉल संघ होय. हा फुटबॉल गोव्यात फेस्ताच्या दिवसांत खेळतात तो नव्हे. चेंडू अंडाकृती असतो, तो हातात घेऊन धावतात किंवा पुढे फेकतात, आणि प्रतिपक्षाचे धिप्पाड गडी त्या धावणाऱ्यास जमिनीवर लोळवितात. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेल्यास ६ गुण, दोन उंच खांबांमधून लाथेने मारल्यास ३ गुण. यापलीकडचे नियम आम्हांस पंधरा दिवसांत उमगले नाहीत व वाचकांसही त्यांची गरज पडणार नाही. १९१९ साली कर्ली लॅम्बो नावाच्या तरुणाने हा संघ उभा केला, आणि तो जेथे नोकरीस होता त्या इंडियन पॅकिंग कंपनीने गणवेशासाठी पैसे दिले, म्हणून नाव पडले पॅकर्स. (यातील 'इंडियन' म्हणजे आपण नव्हे, हे सांगणे नलगे.) न्यूयॉर्क, शिकागो यांसारख्या महानगरांचे संघ कोट्यधीशांच्या मालकीचे आहेत. हा मात्र १९२३ पासून सामान्य लोकांनी भाग विकत घेऊन चालविला आहे. आज भागधारक पाच लाखांहून अधिक आहेत. या भागांवर नफा मिळत नाही व ते बाजारात विकताही येत नाहीत. तरी ते चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगलेले आम्ही पाहिले. मैदानात ८१ हजारांहून अधिक माणसे बसतात, म्हणजे नगराच्या वस्तीच्या तीन चतुर्थांश!

आमचे सेमिनरीतील एक सहाध्यायी त्या धर्मप्रांतात सेवा करीत आहेत. त्यांच्या आग्रहावरून २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात आम्ही पंधरा दिवस तेथे राहिलो. सामान्य काळातील रविवार असल्याने वेदीवर हिरवा झगा चढवावा लागतो. पॅकर्सचा रंगही हिरवा व सोनेरी. "फादर, आज आपणही आमच्यातलेच दिसता," असे मिस्सेनंतर आम्हांस किमान दहा जणांनी ऐकविले, आणि प्रत्येकास तो विनोद आपणच प्रथम केला असे वाटत होते.

आता आमच्या मूळ विषयाकडे वळू. अमेरिकेतील या व्यावसायिक मंडळात ३२ संघ आहेत. सप्टेंबरपासून जानेवारीच्या प्रारंभापर्यंत १८ आठवडे सामने चालतात आणि प्रत्येक संघ १७ सामने खेळतो. सर्व संघ खेळत असतील त्या आठवड्यात १६ सामने होतात. कोणता सामना कोण जिंकणार याचे भाकीत दर आठवड्यास लिहून देण्याची चाल त्या देशात कचेऱ्यांतून, कारखान्यांतून, कुटुंबांतून सर्वत्र पसरली आहे. आमच्या मित्रांच्या धर्मग्रामातही असा एक कागद निघतो. शाळेतून निवृत्त झालेल्या एक वृद्ध बाई तो चालवितात. आठवड्याचा पहिला सामना गुरुवारी रात्री होतो. म्हणून गुरुवारी सायंकाळपर्यंत सर्वांनी आपापले कागद चर्चच्या सभागृहात बाईंच्या पेटीत टाकावयाचे. बक्षीस पैशाचे नाही; सफरचंदाची एक पाय, म्हणजे भाजलेली गोड पोळी, बाई स्वतः करून देतात.

या कागदाची रीत मोठी मार्मिक आहे. नुसते विजेत्याचे नाव लिहून भागत नाही. ज्या भाकिताची सर्वांत अधिक खात्री त्यापुढे १६ हा आकडा, त्याहून कमी खात्रीच्या भाकितापुढे १५, असे उतरत जाऊन जेथे नुसताच अंदाज आहे तेथे १ लिहावयाचा. भाकीत खरे ठरले तर तेवढे गुण पदरात. चुकले तर शून्य. म्हणजे मनुष्यास संघांची पारख तर करावी लागतेच, पण आपली खात्री किती खरी आहे याचीही झडती घ्यावी लागते. दोघांचे गुण समान झाले तर सोमवारच्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून किती गुण होतील, हा अंदाज ज्याचा जवळचा तो विजयी.

लोक हा कागद हसण्यावारी नेत नाहीत. प्रत्येक संघास आपल्या जायबंदी खेळाडूंची यादी आठवड्यात प्रसिद्ध करावी लागते. ती बुधवारपासून शुक्रवारपर्यंत सुधारत जाते. ही यादी तेथील शेतकरी आपल्याकडील शेतकरी पावसाची बातमी ऐकतो तितक्या लक्षाने वाचतात. वाऱ्याचा वेग पाहतात, कारण चेंडू फेकणाऱ्यास थंडीहून वारा अधिक बाधतो. सामना कोणाच्या गावी आहे हे पाहतात. दीर्घकाळाच्या हिशेबात घरचा संघ शंभरांत पंचावन्न ते साठ सामने जिंकत आलेला आहे. इतके करूनही जाणत्या भाकीतकारांची भाकिते शंभरांत पासष्टाच्या आसपासच खरी ठरतात. आम्ही एका रात्री बसून गणित केले: तीनांपैकी दोन भाकिते खरी ठरविणाऱ्या मनुष्यास सोळाच्या सोळा सामने अचूक येण्याचा योग सुमारे साडेसहाशे आठवड्यांतून एकदा येतो. हंगाम अठरा आठवड्यांचा धरला तर छत्तीस वर्षे झाली! बाईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "इतर पंधरा सामन्यांत आमची माणसे फार शहाणी असतात, फादर. सोळाव्याचे विचारू नका."

सोळावा म्हणजे अर्थातच पॅकर्सचा.

तेथे ऐंशी वर्षांपलीकडचे एक गवळी शेतकरी आहेत. १९६७ च्या ३१ डिसेंबरास ग्रीन बे येथे डॅलसच्या संघाशी जो अंतिम फेरीचा सामना झाला, तो आपण मैदानात बसून पाहिला असे ते सांगतात. त्या दिवशी पारा शून्याखाली २५ अंश सेल्सियसपर्यंत उतरला होता, आणि शेवटच्या काही सेकंदांत पॅकर्सनी २१–१७ असा विजय मिळविला. (तो सामना प्रत्यक्ष पाहिल्याचे सांगणारे सर्व लोक एकत्र केले तर ते आज मैदानात मावणार नाहीत, असे आमचे मित्र हळूच म्हणाले.) त्या दिवसापासून या आजोबांनी पॅकर्सविरुद्ध कधी लिहिले नाही, बाईंच्या कागदावर तर पॅकर्सपुढे नेहमी १६ च. विरुद्ध लिहिणे आपणांस पाप वाटते असे ते म्हणाले. पापांच्या यादीत ते नाही अशी ग्वाही आम्ही दिली. ती त्यांस पटल्याचे दिसले नाही.

आमच्या मुक्कामातील रविवार २१ सप्टेंबरचा होता. पॅकर्सनी पहिले दोन्ही सामने जिंकले होते. मायका पार्सन्स हा नामांकित खेळाडू ऑगस्टच्या अखेरीस डॅलसकडून त्यांच्याकडे आला होता, त्यामुळे सारे गाव हवेत होते. तिसरा सामना क्लीव्हलंड येथे, तेथील ब्राउन्स संघाशी, आणि तो संघ दोन्ही सामने हरलेला. गुरुवारी पेटीपाशी आम्ही उभे असता या आजोबांची तेरा वर्षांची नात, जी वेदीसेवा करते, आपला कागद घेऊन आली. तिने क्लीव्हलंड लिहिले होते, व पुढे ३.

आजोबांनी विचारले, "आपला संघ हरावा असे तुला वाटते काय?"

"नाही, आजोबा. मला काय वाटते ते बाईंनी विचारलेले नाही. काय होईल ते विचारले आहे."

कारणही तिने दिले: पॅकर्सच्या पुढच्या फळीतील दोन मोठे गडी जायबंदी यादीत होते, आणि क्लीव्हलंडची बचावफळी कडवी होती. आजोबांनी उत्तर दिले नाही. त्यांनी आपला कागद घडी करून पेटीत टाकला. घरी परतताना मोटारीत दोघे बोलले नाहीत, असे मुलीच्या आईने दुसऱ्या दिवशी आम्हांस सांगितले.

रविवारकडे जाण्यापूर्वी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. या खेळाचे दुसरे रूप पैशाचे आहे. बलवान संघास किती गुणांचे ओझे द्यावे म्हणजे दोन्ही बाजूंवर सारख्या पैजा लागतील, हे ठरविण्याची युक्ती गेल्या शतकाच्या चाळिशीत निघाली. तिचे श्रेय बहुधा गणितशिक्षक चार्ल्स मॅकनील यांस देतात. बरोबरी होऊ नये म्हणून त्या ओझ्यात पुष्कळदा अर्धा गुण मिसळतात. शंभर डॉलर जिंकण्यासाठी साधारणतः एकशेदहा लावावे लागतात. म्हणून शंभरांत बावन्नांहून अधिक पैजा जिंकल्याशिवाय मनुष्य नुकसानीतच राहतो. १९६३ साली खुद्द पॅकर्सचा लाडका खेळाडू पॉल हॉर्नंग यास पैजा लावल्याबद्दल मंडळाने दूर केले. एक हंगाम गेल्यावर त्यास परत घेतले. पुढे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरील पैजांची देशव्यापी बंदी उठविली, आणि २०२१ च्या नोव्हेंबरात ग्रीन बेलगतच्या ओनायडा आदिवासींच्या कसिनोत अशा पैजा सुरू झाल्या. उत्तरेकडे तासाभराच्या वाटेवर मिशिगन राज्याची हद्द लागते. तेथे त्याच वर्षी फोनवरून पैज लावण्यास मुभा मिळाली.

सभागृहात एक गृहस्थ होते; ते कॉफी वाटीत, खुर्च्या मांडीत, पण बाईंचा कागद घेत नसत. शनिवारी रात्री ते हद्दीपलीकडे जाऊन मोटारीत बसून फोनवर पैजा लावीत. पत्नीस कारखान्यात जादा पाळी आहे असे सांगत. घराचे दोन हप्ते चुकले तेव्हा हे उघड झाले. "पायसाठी लिहीत होतो तेव्हा मला खेळ कळत होता, फादर," एवढेच ते म्हणाले. द्यूत हे स्वतः न्यायाविरुद्ध नाही, परंतु कुटुंबाच्या गरजेचा पैसा त्यात जाऊ लागला की ते अयोग्य होय, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. तेथे ती कोणास समजावून सांगण्याची आम्हांस गरज पडली नाही.

रविवारी दुपारी बारास सामना. त्या दिवशीचे शुभवर्तमान अन्यायी कारभाऱ्याच्या दाखल्याचे होते. आमच्या मित्रांनी प्रवचन आटोपशीर केले, याचे कारण आम्ही विचारले नाही. सभागृहात बूया शिजला होता. बेल्जियन वसाहतकऱ्यांनी रूढ केलेला हा कोंबडी, मांस व भाज्यांचा दाट रस्सा रात्रभर मोठमोठ्या हंड्यांत उकळतो. आपल्याकडे फेस्ताच्या आदल्या रात्री हंड्याभोवती पुरुष मंडळी जशी जागत बसतात तशीच ती तेथेही बसलेली होती. सामन्याची शेवटची चार मिनिटे उरेपर्यंत पॅकर्सकडे १०, क्लीव्हलंडकडे ०. लोक उठून ताटल्या गोळा करू लागले. एवढ्यात क्लीव्हलंडने ३ गुण केले. पाठोपाठ पॅकर्सचा फेकलेला चेंडू त्यांनी मधेच झेलला आणि १०–१० झाले. शेवटच्या अर्ध्या मिनिटात पॅकर्सनी खांबांतून मारलेला चेंडू त्यांनी हातांनी अडविला, आणि अगदी अखेरच्या क्षणी पंचावन्न यार्डांवरून लाथ मारून सामना १३–१० असा जिंकला.

सभागृहात कोणी बोलेना. हंड्यात पळी आपटल्याचा आवाज तेवढा आला. ज्या मुलीचे भाकीत खरे ठरले होते ती स्वयंपाकघराच्या दाराशी हमसून रडत होती. आजोबा काठी टेकीत तिच्याकडे गेले. बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "त्या दोन गड्यांचे तू बरोबर सांगितलेस," आणि तिच्या हातात बूयाचा वाडगा दिला.

त्या आठवड्याची पाय तिला मिळाली नाही. तिचे तीनच गुण वाढले होते. दोघांचे गुण समान आले होते; सोमवारच्या सामन्यात डेट्रॉइटने बाल्टिमोरला ३८–३० असे हरविले, आणि त्या अडुसष्टाच्या जवळचा अंदाज करणाऱ्या एका बसचालकाकडे पाय गेली.

आम्ही शुक्रवारी परत निघालो. पुढील रविवारी, २८ सप्टेंबरास, पॅकर्सचा सामना डॅलसच्या संघाशी होता: पार्सन्सचा जुना संघ, आणि आजोबांच्या १९६७ च्या आठवणीतला प्रतिपक्ष. त्याचा वृत्तान्त बाईंच्या पत्रातून कळला. या वेळी नातीने पॅकर्स लिहिले व पुढे ९, आजोबांचे १६. सामना जादा वेळेनंतरही ४०–४० असा बरोबरीत सुटला! असे क्वचितच घडते, आणि कागदावर 'बरोबरी' असे लिहिण्यास जागाच नाही. बाईंनी सर्वांना शून्य दिले. आजोबांनी त्यावर तक्रार नोंदविली आहे: मंडळाच्या क्रमवारीत बरोबरी म्हणजे अर्धा विजय धरतात, म्हणून आपणांस ८ गुण मिळावेत. नातीने त्यांची बाजू घेतली आहे. परंतु तोच नियम लावला तर तिचे साडेचार गुण होतात, आणि बाईंच्या वहीत अर्ध्या गुणाचा रकाना नाही. वाद आमच्या मित्रांकडे निर्णयासाठी आला आहे. त्यांनी गुरुवारपर्यंत मुदत मागितली आहे.