जव्हार-मोखाडा : आजोबा आणि नातवंडे यांच्या चालीने

सहलीचा विषय निघाला की घरातील ज्येष्ठांचे एक वाक्य ठरलेले असते : “तुम्ही जाऊन या, आम्ही घर सांभाळतो.” ऐकणाऱ्याला तो समजूतदारपणा वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे पुष्कळदा संकोच असतो. वाटेत स्वच्छतागृह मिळेल का, जिना चढवेल का, आपल्यामुळे मुलांचा खोळंबा होईल का, असे प्रश्न त्यांना पडलेले असतात. आपण ते वाक्य एकदा मान्य केले, दुसऱ्यांदा मान्य केले, की पुढे तीच सवय होते आणि माणूस हळूहळू उंबरठ्याआडच राहू लागतो.

आमच्या घरी असे घडण्याच्या बेतात होते. एका सहलीत आम्ही दिवसभरात सहा ठिकाणे पाहण्याचे ठरवले. दुपारचे जेवण लांबले. मधुमेहाची गोळी सकाळी घेतलेली, पोटात काही नाही, अशा स्थितीत आमच्या घरातील आजोबांना घाटात दरदरून घाम फुटला आणि हात थरथरू लागले. मागच्या आसनावर धाकटी नात भुकेने रडत होती. साखरेच्या पाण्याने आजोबा सावरले, परंतु घरी आल्यावर ते म्हणाले, “यापुढे मला धरू नका.” चूक त्यांच्या वयाची नव्हती, आमच्या आखणीची होती. शहात्तर वर्षांचे आजोबा आणि चार वर्षांची नात यांना एकाच वेळी भूक लागली होती आणि दोघेही एकाच वेळी थकले होते. पुढची सहल या दोघांच्या चालीने करायची, असे आम्ही ठरवले आणि त्यासाठी जव्हार-मोखाडा निवडले.

हेच ठिकाण का?

पालघर जिल्ह्यातील जव्हार हे सह्याद्रीच्या डोंगरात वसलेले, मुकणे घराण्याच्या संस्थानाची राजधानी असलेले छोटे शहर आहे. मुंबईपासून सुमारे दीडशे आणि नाशिकपासून सुमारे ऐंशी किलोमीटर. हवा थंड, गाव आटोपशीर आणि पाहण्याची बरीच ठिकाणे गावालगत. मोखाडा तेथून पुढे पाऊण-एक तासावर, त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर आहे. जव्हारला रेल्वे नाही. ठाणे, पालघर व नाशिक येथून एस.टी. मिळते.

खर्चाच्या दृष्टीने एस.टी.चा हिशेब मांडून पाहा. पंचाहत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून राज्यात प्रवास विनामूल्य आहे. ६५ ते ७४ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे भाडे. महिलांना २०२३ पासून निम्मे भाडे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट आणि पाच वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. म्हणजे ७६ वर्षांचे आजोबा, ६६ वर्षांची आजी, मुलगा, सून, सात वर्षांचा नातू आणि चार वर्षांची नात अशा सहा जणांचा प्रवास अडीच तिकिटांत होतो. जन्मतारीख असलेले ओळखपत्र मात्र प्रत्येक ज्येष्ठाच्या स्वतःच्या खिशात असावे, आणि सवलतींची खात्री निघण्यापूर्वी आगारात करून घ्यावी.

काळ निवडावा नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात हा परिसर देखणा असतो, पण घाटात धुके, निसरड्या पायऱ्या आणि धबधब्यांचे अकस्मात वाढणारे पाणी ही दुबळे गुडघे व उनाड पावले यांच्यासाठी योग्य सोबत नव्हे.

तीन दिवस, दोन मुक्काम

आमचा एकच नियम होता : सकाळी एक ठिकाण, संध्याकाळी एक ठिकाण, मध्ये जेवण आणि झोप. तिसरे ठिकाण कितीही जवळ असले तरी नाही. या नियमाने खर्चही आपोआप कमी झाला, कारण दिवसभर गाडी ठरवावी लागली नाही.

पहिल्या दिवशी जेवणाच्या वेळेपर्यंत पोहोचावे, विश्रांती घ्यावी आणि संध्याकाळी सनसेट पॉइंटवर जाऊन बसावे. दरीवर उतरणारा सूर्य पाहण्यासाठी चालावे लागत नाही, नुसते बसावे लागते. ज्येष्ठांना ते जमते आणि मुलांना मोकळी जागा मिळते. मुलांचा हात मात्र दरीच्या बाजूला सोडू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी हनुमान पॉइंट किंवा राजघराण्याचा जय विलास राजवाडा, यांपैकी एक. राजवाडा खासगी असल्याने आत जाता येईल का, हे आधी विचारून घ्यावे. संध्याकाळी शिरपामाळ. १६६४ च्या सुरत मोहिमेवर जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम येथे पडला आणि जव्हारच्या राजाने त्यांचे स्वागत केले, अशी परंपरा आहे. या माळावर आजोबा गोष्ट सांगणारे झाले. घरात औषधांच्या वेळा विचारल्या जाणारे आजोबा येथे नातवाच्या प्रश्नांना उत्तरे देत होते. सहलीतून ज्येष्ठांना मिळणारे सर्वांत मोठे औषध बहुधा हेच असावे.

दाभोशाचा धबधबा सुमारे तीनशे फुटांचा आहे. तरुणांनी हवे तर खाली उतरावे. ज्येष्ठांनी व लहानग्यांनी तो वरूनच पाहावा.

तिसऱ्या दिवशी जीप ठरवून मोखाडा, खोडाळ्याजवळचे देवबांध येथील गणेश मंदिर आणि तेथून कसारा. कसाऱ्याहून मुंबईची लोकल मिळते. मोखाडा तालुक्यातच कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा धरण आहे. २०१४ पासून त्याचे पाणी मुंबईला जाते. मुंबईत राहत असाल तर हे नातवंडांना अवश्य सांगा. आणि हेही सांगा, की याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात आयाबाया टँकरची वाट पाहतात. घरी परतल्यावर नातवाने दात घासताना नळ बंद ठेवला, तेव्हा आम्हाला काही सांगावे लागले नाही.

ताटातले

नागलीची भाकरी, वरईचा भात, उडदाचे वरण हे येथील अन्न. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. कवळी वापरणाऱ्यांना भाकरी कडक वाटेल. ती वरणात कुस्करून द्यावी. चार वर्षांच्या मुलीलाही तशीच आवडते. जेवण एक दिवस आधी सांगून ठेवले तर ते वेळेवर मिळते, आणि मधुमेह्यासाठी वेळ पदार्थाइतकीच महत्त्वाची असते.

१९९२-९३ मध्ये वावर-वांगणी परिसरातील बालमृत्यूंमुळे हा भाग कुपोषणासाठी देशभर ओळखला गेला. म्हणून एक विनंती : रस्त्याकडेच्या मुलांना गोळ्या-चॉकलेटे वाटू नका, त्यांची छायाचित्रे काढू नका. बाजारातून नागली, रानभाजी किंवा वारली चित्र योग्य दामाला घ्या. नातवंडे आपल्याकडे पाहूनच शिकत असतात.

निघण्यापूर्वी

• खोली तळमजल्यावरची, कमोड असलेली आणि रात्री स्वच्छतागृहात दिवा राहील अशीच ठरवावी. स्वस्त पण जिन्यावरची खोली अखेरीस महाग पडते.

• औषधे दोन दिवस जास्तीची घ्यावीत आणि हातातील पिशवीत ठेवावीत. सोबत चिठ्ठीची प्रत असावी. इन्सुलिन उन्हात किंवा गाडीच्या काचेजवळ ठेवू नये.

• लघवीच्या भीतीने अनेक ज्येष्ठ प्रवासात पाणी पीत नाहीत, काही जण लघवी वाढवणारी गोळी स्वतःच बंद करतात. दोन्ही धोक्याचे आहे. गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे आणि थांब्यावर गाडी उभी राहिली की प्रत्येकाने उतरावे.

• घाटात मळमळ होणाऱ्यांनी पुढे बसावे, दूरवर पाहावे, निघताना हलके खावे.

• साखर उतरल्याची लक्षणे दिसताच शुद्धीवर असलेल्या व्यक्तीला तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मग जेवण द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडातून काहीही न देता रुग्णालय गाठावे.

• जव्हारला पतंगशाह उपजिल्हा रुग्णालय, मोखाड्यात ग्रामीण रुग्णालय आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे. डोंगरात भ्रमणध्वनीला सर्वत्र संपर्क मिळत नाही. म्हणून हे कागदावर लिहून ठेवावे.

• आणि आपण स्वतः काळजीवाहक असाल, तर एक संध्याकाळ आपलीही राखून ठेवा. घरातील दुसऱ्या कोणावर जबाबदारी सोपवा आणि तासभर एकट्याने गावातून फिरून या.

परतीच्या लोकलमध्ये नात आजोबांच्या मांडीवर झोपली होती. आम्ही पाहिलेली ठिकाणे मोजली तर जेमतेम पाच भरली. आजारी कोणी पडले नाही आणि घाई कोणालाच झाली नाही. कसारा मागे पडल्यावर आजोबांनी विचारले, “पुढच्या वर्षी कुठे?” आपल्या घरी “आम्ही घर सांभाळतो” हे वाक्य पुन्हा ऐकू येईल, तेव्हा ते लगेच मान्य करू नका. आधी बेत दाखवा, त्यातील ठिकाणे निम्मी करा आणि मग पुन्हा विचारा.