मस्कतमधली शांत ईद

कोकणातल्या आपल्या मुस्लिम मोहल्ल्यांत ज्या घरातलं कुणी आखातात नाही, असं घर शोधावं लागतं. तिथून येणारे पैसे, खजूर, अत्तर आणि ब्लँकेट आपल्या ओळखीचे असतात. पण पाठवणाऱ्याची ईद तिथे कशी जाते, हे आपण क्वचितच विचारतो. 2025 च्या उन्हाळी सुट्टीत मी धाकट्या भावाकडे मस्कतला होते. बकरी ईद तिथेच केली.

मुंबईहून विमानाने मस्कत जेमतेम अडीच-तीन तासांवर आहे. दापोलीहून मुंबई गाठायला त्याच्या दुप्पट वेळ लागतो! तरी माझा भाऊ दोन वर्षांतून एकदाच घरी येतो. ईद आणि शाळेची सुट्टी जोडून आली की तिकिटं चढतात. चौघांच्या येण्याजाण्याच्या खर्चात अम्मीच्या घरावरचं पत्र्याचं छप्पर होतं. त्या वर्षी त्याने छप्पर केलं.

ओमानमध्ये ईद 6 जूनला, जुम्याच्या दिवशी होती. आपल्याकडे 7 जूनला. त्यामुळे आम्ही ईदची नमाज पढून आलो, तेव्हा गावी अम्मीचा अरफ्याचा रोजा होता. "तुमची ईद आधी, पण बकरा माझ्याकडे," असं म्हणून ती फोनवर हसली.

पहाटेच अल खुवैरमधल्या घराजवळच्या मशिदीत गेलो. बायकांची जागा वेगळी आणि प्रशस्त. ओमानात इबादी पंथाचे लोक मोठ्या संख्येने आहेत. ते हात मोकळे सोडून नमाज पढतात. आम्ही कोकणी शाफई, हात बांधणारे. शेजारी केरळची एक बाई, पलीकडे एक बांगलादेशी मुलगी. एकाच सफमध्ये कुणाचे हात बांधलेले, कुणाचे मोकळे, आणि कुणाला त्याचं काहीच वाटत नव्हतं. माझ्या वर्गातल्या मुलांना हे दाखवायला हवं होतं, असं मनात आलं.

नमाजनंतर मात्र शहर रिकामं झालं. ईदला ओमानी माणूस आपल्या मूळ गावी जातो. कुणी निझवाला, कुणी सूरला, कुणी इब्राला. मागे उरतात ती परदेशी माणसं. बाहेर चाळीस अंशांच्या वरचं ऊन, दुकानं बंद, जिन्यात पावलांचा आवाज नाही. आपल्याकडे ईदला दार लावायला फुरसत नसते. तिथे दुपारपर्यंत बेल वाजली नाही.

भाभीने तांदळाच्या भाकरी आणि कलेजी केली होती. कलेजी खाटकाकडून आणलेली. तिसरीतल्या भाच्याने विचारलं, "अब्बू, आपली कुर्बानी कुठाय?" भाऊ म्हणाला, "दादीकडे. उद्या होईल." मुलगा गप्प बसला. दुसऱ्या दिवशी त्याने फोनच्या पडद्यावर बकरा पाहिला, चुलत भावंडांची धावपळ पाहिली, दादीने मांसाचे तीन वाटे केले तेही पाहिलं. मग म्हणाला, "वाटायला मी पण गेलो असतो."

त्या रात्री भाऊ-भाभी बराच वेळ बोलत बसले. कुर्बानी गावी केली तर तिथल्या गरजू घरांत मांस जातं, अम्मीच्या दारात माणसं येतात. इथे केली तर मुलाला तिचा अर्थ हाताने कळतो. पैसे एकाच कुर्बानीपुरते आहेत. दोघांचंही म्हणणं खरं होतं. मला विचारलं, तेव्हा मी एवढंच म्हटलं की गावची बंद करू नका, पण वाटण्याचं काम मुलाला इथेही द्या.

भाभीने ते लगेच मनावर घेतलं. घरात सांदणं वाफवली होती. डबे भरले आणि मुलाच्या हाती दिले. एक इमारतीच्या वॉचमनला, एक खालच्या खोलीत एकटे राहणाऱ्या तिघा कामगारांना. ते उत्तर प्रदेशचे. त्यांनी मुलाला आत बसवून शेवया खाऊ घातल्या. परत येताना तो जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत होता.

चौथ्या दिवशी समोरचं ओमानी कुटुंब गावाहून परतलं आणि बेल वाजली. ताटात शुवा होता. मसाला लावलेलं मांस पानांत गुंडाळून जमिनीतल्या खड्ड्यात निखाऱ्यांवर पुरतात. एक-दोन दिवसांनी काढलं की हाडापासून आपोआप सुटतं. सोबत केशर-वेलचीचा ओमानी हलवा. भाभीने ते ताट धुतलं आणि आंबापोळी घालून परत पाठवलं. रिकामं ताट परत करू नये, ही रीत आपल्या मोहल्ल्यातली. तिकडेही ताट भरूनच फिरत होतं.

त्यांची चैन म्हणाल तर लहानशी. संध्याकाळी ऊन उतरलं की गाडीतून मत्रहच्या समुद्रकाठी जायचं. काठावर उभं राहून बंदरातल्या बोटी पाहायच्या, गाडीतच कागदी पेल्यातला करक चहा प्यायचा. मत्रहच्या बाजारात शिरलं की लोबानाचा वास आधी येतो, दुकानं नंतर दिसतात. एकदा सुलतान काबूस मशीद पाहिली. 2001 साली खुली झालेली ही मशीद बांधताना भारतातला वालुकाश्म वापरला आहे. मुख्य दालनातला एकवीस टनांचा गालिचा इराणी बायकांनी चार वर्षं विणला. भाऊ भिंतीवर हात ठेवून म्हणाला, "हाही आपल्यासारखाच, तिकडून आलेला."

आणि सगळ्यात मोठी चैन म्हणजे चौघांनी एका छताखाली असणं. कुटुंब आणायला पगार, घरभाडं, शाळेची फी, सगळं जमावं लागतं. आपल्या गावची कितीतरी माणसं तिथे एका खोलीत चार-सहा जण मिळून राहतात. त्यांची ईद नमाज, फोन आणि झोप एवढीच असते. जूनपासून ऑगस्टपर्यंत साडेबारा ते साडेतीन उन्हातलं काम बंद ठेवण्याचा तिथे नियम आहे. तेवढ्या सावलीलाही ते अल्हम्दुलिल्लाह म्हणतात.

आपल्या घरांच्या भिंती, मुलींची लग्नं, मुलांच्या फिया त्यांच्या घामावर उभ्या आहेत. म्हणून एक विनंती आहे. पुढच्या ईदला तिकडे फोन लागला की पार्सल कधी येणार, हे नंतर विचारा. आधी विचारा, "आज काय जेवलास? कुणाबरोबर जेवलास?"