सहमत की असहमत?

'विज्ञान : शाप की वरदान' हा निबंध ज्यांनी शाळेत लिहिला नसेल त्यांनी हात वर करा! एक परिच्छेद शापाचा, एक वरदानाचा आणि शेवटी 'नाण्याला दोन बाजू असतात'. मास्तर खूश, आपण मोकळे. मत द्यायची वेळच यायची नाही.

माझी पुतणी कळंबची. नर्सिंग झालंय, आता इंग्लंडला जायचंय. तिथल्या नोंदणीसाठी आयईएलटीएस द्यायची तर लेखनात 6.5 आणि बाकी तिन्हींत 7 बँड लागतो. लेखनातला दुसरा प्रश्न म्हणजे निबंध, किमान 250 शब्द, साधारण 40 मिनिटांत. बरेचदा विचारतात, अमुक मताशी तुम्ही कितपत सहमत? तुम्ही कुठल्या बाजूचे याला गुण नाहीत. बाजू स्पष्ट आहे का, शेवटपर्यंत टिकते का, कारणं आहेत का, हे बघतात. उदाहरण स्वतःच्या अनुभवातलं द्या, असं प्रश्नातच सुचवलेलं असतं.

सरावाला प्रश्न होता, तरुणांनी गाव सोडू नये म्हणून सरकारने प्रयत्न करावेत का? तिचा पहिला निबंध म्हणजे आपला शाप-वरदानच, फक्त इंग्रजीत. मी विचारलं, "तुला स्वतःला काय वाटतं?"

"काका, खरंच लिहू?"

मग लिहिलं तिने. दिवाळीच्या सुमारास आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात, पोराबाळांसकट. त्यांना कुणी अडवत नाही. शिकलेली मुलगी निघाली की मात्र सगळ्यांना गाव ओस पडल्यासारखं वाटतं.

इथवर झरझर. पण विरोधी मुद्दाही मांडून खोडायचा असतो ना! म्हातारे आईवडील मागे राहतात, हे एक वाक्य लिहून ती थांबली ती थांबलीच. घड्याळ लावलं होतं, ते वाजून गेलं. शेवटी लिहिलं, त्यांच्यासाठी गावात चांगला दवाखाना हवा, मुलीला घरी ठेवणं हा दवाखान्याला पर्याय नाही. मला हे पूर्ण पटलेलं नाही. आजारपणात नुसता दवाखाना पुरत नाही. पण मुद्दा म्हणून बिनतोड, आणि तिचा स्वतःचा.

दादाला इंग्रजी येत नाही. रात्री त्याने तो कागद माझ्यापुढे धरला. "काय लिहिलंय रे हिने एवढं?"

मी मराठीत सांगितलं, एकही वाक्य न गाळता. आईवडिलांचं वाक्य त्याने पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग कागदाची घडी घालून वहीत ठेवली आणि परीक्षेची फी किती, ते विचारलं.