पाचगणी, रात्री दोन वाजता

वाई मागे पडली, पसरणीचा घाट सुरू झाला आणि मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. कारण मागच्या सीटवर आमचे पावणेदोन वर्षांचे चिरंजीव! महिनाभर दर दोन-चार रात्रींनी झोपेत भडाभडा उलटी. 'हवापालट करा,' सासूबाई म्हणाल्या. म्हणून हा वीकएन्ड.

घाटात काहीच झालं नाही. टेबललँडवर स्वारी घोड्यांमागे मनसोक्त धावली. रात्री दोनला मात्र हॉटेलच्या पांढऱ्याशुभ्र चादरीवर व्हायचं तेच झालं. त्याला कुशीवर वळवलं, पुसलं, थोडं थांबून चमचा-चमचा ओआरएस पाजलं. बाहेर सिल्व्हर ओकमधून वारा घोंघावत होता. बायको हळूच म्हणाली, "आपण ऑफिसातून उशिरा येतो, म्हणून तो साडेनऊला जेवतो. वर लगेच दुधाची बाटली. त्यामुळे तर नसेल?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातलाच मऊ भात भरवला. झोपताना बाटली नाही. त्या रात्री तिघेही गाढ झोपलो.

पुण्यात डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं: जेवण आणि झोप यांत दोन तास ठेवा. उलटी हिरवी झाली, रक्त दिसलं, मूल मलूल पडलं किंवा सहा-आठ तास शू झाली नाही, तर मात्र थेट हॉस्पिटल गाठा.

आता आमच्यापैकी एक जण रोज सहाच्या ठोक्याला ऑफिसातून निघतो. बॉस कुरकुरतो. कुरकुरू दे!