घर कुणाचं?

नाकाडोंगरी, रविवार.

धानकापणी उरकली की इथे बांधकामं निघतात. यंदा गावाबाहेर ख्रिस्ती मिशनतर्फे निराधार पोरांसाठी घर बांधणं सुरू आहे. ट्रॅक्टरवाल्याने विटांच्या खेपांचं फक्त डिझेल घेतलं. डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीतून रात्रपाळी करून आलेला एक जण, डोळे तारवटलेले, भिंतीवर पाणी मारत होता. गळ्यात तुळशीची माळ घातलेली एक आजीबाई घमेलं घेऊन रांगेत. "तुम्ही कशाला, आजी?" विचारलं, तर म्हणाली, "पोट्टे कोनाचेबी असोत, डोक्यावर छत त पाह्यजे!"

हे पाहून एक जुनी गोष्ट आठवते. 1896-97च्या दुष्काळात समाजसुधारक पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या, निराधार मुलींना सोबत घेऊन गेल्या. आपला भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच होता. पुढे पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अशा मुली विणकाम, छपाई शिकल्या, स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. पण त्यासाठी मुलखाला पारखं व्हावं लागलं. इथल्या पोरांना इथेच आसरा मिळतोय, ही मला मोठी गोष्ट वाटते.

पारावर कुजबुज आहेच: मदतीआडून धर्म तर नाही ना बदलणार? शंका रास्त आहे. पण ज्या भिंतीला गावाचे हात लागले, तिथे कधीही आत शिरून "पोरं कशी आहेत?" विचारायचा हक्क गावाला आपसूक मिळतो. सगळा पैसा नि मजूर बाहेरून आले असते, तर आम्ही कुंपणाबाहेरूनच तर्क लढवत बसलो असतो.